फ्रेडरिक्सबोर्ग: जुने किती, नवे किती?

मंडळी, डेन्मार्कला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी कोपनहेगनला जलपरीचा पुतळा पाहतात आणि पुढच्या देशाकडे निघतात. माझा आग्रह आहे की एक अख्खा दिवस हाताशी ठेवा आणि लोकल पकडून हिलरोडला जा. तासाच्या आत पोचाल. स्टेशनापासून चालत गेलात की तळ्यातल्या तीन छोट्या बेटांवर उभा असलेला फ्रेडरिक्सबोर्ग राजवाडा दिसतो. लाल विटांच्या भिंती, वालुकाश्माची नक्षी, तांब्याची हिरवी पडलेली छपरं. पाहताक्षणी वाटतं, हे सगळं चारशे वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं. पण तसं नाही. इथे पावलोपावली विचारावं लागतं की यातलं जुनं किती आणि नवं किती. हा राजवाडा मला इतका मोलाचा वाटतो तो या प्रश्नामुळेच.

नाव दुसऱ्या फ्रेडरिक राजाचं. त्याने 1560 मध्ये ही जागा अदलाबदलीत मिळवली. त्याचा मुलगा चौथा क्रिस्तियान 1577 मध्ये इथेच जन्मला. पुढे त्याने वडिलांचं बांधकाम बहुतांशी पाडलं आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत आजच्या रूपाचा राजवाडा उभारला. काम संपत आलं ते 1620 च्या सुमारास. त्याच साली, त्याच राजाच्या माणसांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला डान्सबोर्ग किल्ल्याची सुरुवात केली. पुढे व्यंकोजीराजे भोसल्यांकडे तंजावर आलं आणि डॅनिश वखारवाल्यांना मराठी दरबाराशी व्यवहार करावा लागला. तंजावरचे मोडी कागद आज कोपनहेगनमध्ये जपलेले आहेत. मोडी शिकणाऱ्या तरुणांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पुढच्या चौकात नेपच्यून या रोमन समुद्रदेवाचं कारंजं आहे. त्यावरचे पुतळे नकला आहेत, 1888 च्या. मूळचे आद्रियान द व्रीस या शिल्पकाराचे पुतळे 1659 च्या युद्धात स्वीडनच्या सैन्याने नेले. ते आजही स्टॉकहोमजवळ द्रोतनिंगहोमच्या राजवाड्यात आहेत.

खरा घाला पडला 17 डिसेंबर 1859 ला. सातवा फ्रेडरिक राजा तेव्हा तिथेच राहत होता. कडाक्याची थंडी, म्हणून एका खोलीत शेकोटी पेटवलेली. तिथून आग लागली. चहूबाजूंनी तळं, पण ते गोठलेलं, त्यामुळे पाणी वेळेवर मिळेना. मुख्य इमारतीचा आतला भाग जळाला, चित्रांचा मोठा संग्रह गेला. प्रार्थनागृह मात्र बरंचसं वाचलं.

आता प्रश्न असा की जळालेल्या राजवाड्याचं करायचं काय? लोकांनी वर्गणी काढली, राजाने आणि सरकारने पैसे दिले, वास्तुविशारद मेल्डाल कामाला लागला. हाइनरिश हान्सेन नावाच्या चित्रकाराने आगीआधी आतल्या दालनांची बारकाईने चित्रं काढून ठेवली होती. ती हाताशी नसती तर आज दिसणारं मोठं दालन असं उभं राहिलं नसतं. म्हणूनच मी म्हणतो, आपल्या जुन्या वास्तू मोजून, रेखाटून ठेवणाऱ्यांचं काम बांधणाऱ्यांइतकंच मोठं आहे.

त्यातच 1864 च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग-होल्स्टाइन गमावलं. देश एकदम लहान झाला, मनाने खचला. कार्ल्सबर्ग मद्यनिर्मितीचे संस्थापक याकोब्सेन यांनी सुचवलं की इथे राजाला परत राहायला बोलावण्याऐवजी देशाच्या इतिहासाचं संग्रहालय करा. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यातल्या संग्रहालयाचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. 1878 मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली. खर्च त्यांच्याच कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाने उचलला, आणि आजही ते संग्रहालय त्या प्रतिष्ठानाचंच आहे. राजाची खासगी दालनं सर्वसामान्यांसाठी खुली झाली, ती एका उद्योजकाच्या या दूरदृष्टीमुळे. मला ही या वास्तूच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना वाटते, तिच्या बांधणीपेक्षाही मोठी.

प्रार्थनागृहात मात्र सावकाश फिरा. निरंकुश राजसत्तेच्या काळात बहुतेक डॅनिश राजांचा अभिषेक इथे झाला. भिंतींवर 'हत्ती' या सर्वोच्च डॅनिश सन्मानाच्या मानकऱ्यांच्या ढाली टांगल्या आहेत. त्यात नील्स बोर यांची ढाल शोधा. पदार्थविज्ञानाच्या या ऋषीला घराण्याचं मानचिन्ह नव्हतं, म्हणून त्यांनी ढालीवर चीनचं यिन-यांग घेतलं आणि लॅटिनमध्ये लिहिलं, जे परस्परविरोधी, तेच परस्परपूरक. तिथेच एसाइआस कोंपेनिउस या कारागिराने घडवलेला 1610 चा ऑर्गन आहे. त्यात हजारावर नळ्या आहेत, सगळ्या लाकडाच्या, आणि त्याचे भाते अजून माणूस हाताने चालवतो. आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीवर प्रेम करणाऱ्याने तो ऐकलाच पाहिजे.

आणि बाग. तळ्यापलीकडे, राजवाड्याच्या अगदी समोर, चढत्या टप्प्यांत ती वर जाते. चौथ्या फ्रेडरिक राजासाठी क्रीगर या वास्तुविशारदाने 1720 च्या दशकात ती आखली: मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं पाणी, दोन्ही बाजूंना कातरलेली झुडपं. देखभालीचा खर्च झेपेना, पाण्याचा उतार मोडून टाकला गेला आणि पुढची दोनशे वर्षं तिथे बरंचसं गवतच होतं. 1990 च्या दशकात क्रीगरच्या आराखड्यावरून ती पुन्हा केली, 1996 मध्ये पुरी झाली. कुंपणाच्या झुडपांत राजांच्या नावांची अक्षरं कोरली आहेत. तीन जुन्या राजांबरोबर चौथी अक्षरं दुसऱ्या मार्गारेट राणीची, म्हणजे बाग नव्याने झाली त्या काळाची. नव्याने केलेलं लपवलेलं नाही, त्यावर सही केली आहे. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

जाल तेव्हा आधी बागेच्या माथ्यावर चढा. तिथून पाण्याची सरळ रेघ थेट राजवाड्याच्या मध्यावर जाते, आणि क्रीगरने तळं, उतार आणि इमारत एका दोरीत कशी ओवली ते कळतं. मग खाली येऊन संग्रहालय पाहा. दुपारचा वेळ प्रार्थनागृहासाठी ठेवा, आणि ऑर्गनवादन कोणत्या दिवशी आहे ते आधी विचारून घ्या.