नरक्या

(राधानगरीचं जंगल. पाऊस नुकताच उघडलाय. धुक्यातून एक लहानसं झाड दिसू लागतं.)

हे झाड ओळखू येतं ते वासानं. पिवळसर फुलांचा घोस नाकाशी न्या, मान आपोआप मागे जाते. सह्याद्रीत याला नरक्या म्हणतात. ना डेरेदार सावली, ना इमारतीजोगं लाकूड. पण याच लाकडात कर्करोगावरच्या औषधाचं मूळ द्रव्य आहे.

(नंदुरबारची सकाळ. मग जुन्या प्रयोगशाळेची छायाचित्रं.)

ते द्रव्य ज्यांनी पहिल्यांदा वेगळं केलं, त्यांतले एक आपल्या नंदुरबारचे. मनसुख वाणी, जन्म 1925. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. 1966 मध्ये त्यांच्या गटाला एका चिनी झाडात कॅम्प्टोथेसिन सापडलं. सहा वर्षांनी, 1972 मध्ये, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच द्रव्य नरक्यात असल्याचं दाखवलं.

औषध मात्र लगेच हाती आलं नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला, तर गुण कमी झाला आणि मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

(अ‍ॅनिमेशन: पिळलेला दोर.)

कोडं उलगडलं 1985 मध्ये. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सैल व्हावा लागतो. एक विकर त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं जोडणीच्या वेळी मध्ये ठाण मांडतं. काप तसाच राहतो, पेशी मरते. हे कळल्यावर रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली. 1996 मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली, एकाला अंडाशयाच्या, दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी.

(अंधारी खोली. अतिनील दिवा लागतो.)

वाळक्या लाकडाचा भुसा, मिथेनॉल, आणि काचेच्या पट्टीवर अर्काचा एक थेंब. दिव्याखाली पट्टी धरली की निळा ठिपका चमकतो. हेच ते.

(जंगलातला ताजा बुंधा.)

शंभर किलो वाळलेल्या लाकडातून हाती येतं जेमतेम काही शे ग्रॅम. त्यासाठी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड झाली, मुळं खणून नेली. नर आणि मादी फुलं बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात, त्यामुळे एक झाड गेलं की शेजारचं उभं झाडही फळावाचून राहू शकतं.

2005 मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतून हेच द्रव्य मिळवलं, पण अगदी थोडं. तो शोध पुढे जायलाच हवा. तोवर लागवड करावी, आणि तीही याच डोंगरातल्या गावांच्या हातानं. ही झाडं कुठे उभी आहेत, हे तिथल्या माणसांइतकं कुणाला ठाऊक आहे?

(एका फांदीवर पिकलेली काळीजांभळी फळं. एक बी ओल्या मातीत पडतं.)