जुन्या वळणाचा कॅमेरा आणि त्याची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

कॅमेरा बंद आहे, बॅटरीही काढून ठेवलेली आहे, आणि तरी तो हातात घेतल्याबरोबर पुढच्या फोटोची बरीचशी तयारी डोळ्यांसमोर दिसते. शटरची चकती 125 वर (म्हणजे शटर सेकंदाच्या 125 व्या भागापुरतं उघडणार), उजेड आत घेणारं भोक लहानमोठं करणारी, लेन्सभोवतीची अ‍ॅपर्चरची रिंग 8 वर, उजेड कमीजास्त करणारी तिसरी चकती शून्यावर. जुन्या वळणाच्या डिजिटल कॅमेऱ्यांची लोकांना एवढी ओढ का, असं कुणी विचारलं की मी आधी या चकत्यांकडे बोट दाखवतो. काळी-चंदेरी बॉडी आणि तिच्यावरचं चामड्यासारखं आवरण पाहून माणूस कॅमेऱ्याच्या प्रेमात पडतो खरा, पण तो रोज खांद्याला अडकवून बाहेर पडावंसं वाटतं ते या चकत्यांमुळे.

नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर एक-दोन चाकं असतात आणि त्यांच्यावर आकडे नसतात. तेच चाक कधी शटर बदलतं, कधी अ‍ॅपर्चर, तर कधी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता. आत्ता काय बदलतंय ते स्क्रीनवर बघायचं. ही पद्धत झटपट आहे. खेळांचे किंवा उडत्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी तीच वापरावी, त्यांना मी जुन्या वळणाचा कॅमेरा सुचवणार नाही. पण रस्त्यावर फिरताना, घरातल्या माणसांचे फोटो काढताना एवढी घाई नसते. तिथं प्रत्येक कामाला वेगळी चकती असली की हात आपोआप जागच्या जागी जातो आणि नजर समोरच्या माणसावरून हलत नाही.

या प्रकाराची सुरुवात बरीच आधी झाली. 2004 साली एप्सननं आर-डी 1 नावाचा कॅमेरा आणला. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, जेमतेम 6 मेगापिक्सेलचा, पण वरच्या बाजूला घड्याळासारखे काटे होते. किती फोटो उरले, बॅटरी किती आहे, हे ते काटे सांगायचे. आणि खरी गंमत म्हणजे, प्रत्येक फोटोआधी अंगठ्यानं एक दांडी ओढून शटर भरावं लागे, फिल्म पुढे सरकवतात अगदी तसं. आत फिल्म नव्हतीच! 2009 मध्ये ऑलिंपसनं आपल्या 1959 सालच्या पेन कॅमेऱ्याचं रूप ई-पी 1 ला दिलं. पण या कॅमेऱ्यांना मोठा चाहतावर्ग मिळवून दिला तो फुजीफिल्मच्या एक्स 100 नं. 2010 मध्ये जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात तो दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी बाजारात आला. लेन्स एकच, न बदलता येणारी. किंमत अमेरिकेत सुमारे 1,200 डॉलर.

या एक्स 100 चा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, थोडा निवांत समजून घेण्यासारखा आहे. पुढच्या बाजूला बोटानं ओढायची एक छोटी कळ आहे. ती ओढली की डोळ्यासमोर इलेक्ट्रॉनिक चित्र येतं, पुन्हा ओढली की साध्या काचेतून थेट दृश्य दिसतं. त्या काचेत फोटोची चौकट उजळ रेषांनी आखलेली असते आणि चौकटीच्या बाहेरचंही दिसत राहतं. एखादं मूल डावीकडून पळत येतंय, अजून फोटोत शिरलेलं नाही, पण तुम्हाला ते दिसतंय. ते कधी आत येईल याचा अंदाज घेऊन बटण दाबता येतं. ही खरीखुरी सोय आहे, नुसती सजावट नव्हे.

जुन्या वळणाची सगळीच सोय चांगली असते असंही नाही. याच मालिकेतल्या नंतरच्या कॅमेऱ्यांत आयएसओ बदलायला शटरच्या चकतीची बाहेरची कड वर उचलून फिरवावी लागते आणि आकडा एका इवल्याशा खिडकीत दिसतो. दिवसा ठीक आहे, अंधारात तो आकडा वाचणं जिकिरीचं होतं. निकॉन झेडएफ दिसायला देखणा, त्याच्या चकत्या पितळेच्या, पण वजन 700 ग्रॅमच्या वर आणि पुढून बॉडी जवळपास सपाट. जड लेन्स लावली की तासाभरात बोटं दुखायला लागतात. शिवाय निकॉनच्या स्वतःच्या त्या धाटणीच्या लेन्सवर आकडे लिहिलेली अ‍ॅपर्चरची रिंग नाही. वरच्या तीन चकत्या खऱ्या आणि चौथी गोष्ट चाकावर, असा तो अर्धवट मामला आहे.

आता किमतीकडे वळू. हे कॅमेरे महाग असतात, नुसत्या रूपाचे पैसे घेतात, असं सर्रास बोललं जातं. मी सांगतो ते आकडे अमेरिकेतल्या पहिल्या दिवसाच्या किमतींचे आहेत. निकॉनचा झेड 50 हा साधा कॅमेरा 2019 मध्ये सुमारे 860 डॉलरला आला. 2021 मध्ये तोच सेन्सर आणि तोच प्रोसेसर जुन्या रूपात, झेड एफसी या नावानं आला तो सुमारे 960 डॉलरला. फरक 100 डॉलरचा, आणि त्यात बाजूला वळणारा स्क्रीनही मिळाला. झेडएफ 2023 मध्ये सुमारे 2,000 डॉलरला आला. तीन वर्षांपूर्वीचा साध्या रूपाचा झेड 6 मार्क 2 सुद्धा त्याच किमतीला आला होता, आणि झेडएफचा प्रोसेसर त्याच्यापेक्षा नवा. फुजीचा एक्स 100 सिक्स 2024 मध्ये लेन्ससकट 1,600 डॉलरला निघाला. त्याच 40 मेगापिक्सेल सेन्सरचा एक्स-टी 5 नुसत्या बॉडीला 1,700 डॉलर मागत होता. म्हणजे छापील किमतीत रूपाचा भार आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

याला ठळक अपवाद लायकाचा. 2016 मध्ये त्यांनी मागचा स्क्रीनच नसलेला डिजिटल कॅमेरा काढला. त्याच धर्तीचा स्क्रीन असलेला कॅमेरा 5,200 डॉलरच्या आसपास होता, हा 6,000 च्या घरात. स्क्रीनच्या जागी आयएसओची चकती. काढलेला फोटो लगेच बघायचा नाही, ही कल्पना मला मनापासून आवडते. त्यासाठी 800 डॉलर जास्त मोजणं मला पटत नाही. फुजीच्या 2025 सालच्या एक्स हाफचंही तसंच. फिल्मच्या रोलसारखे ठरलेले फोटो काढून संपेपर्यंत एकही दिसायचा नाही, अशी सोय त्यात मुद्दाम ठेवली आहे. पण सेन्सर लहान, रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळत नाही, आणि निघाला तेव्हा किंमत 850 डॉलर.

सगळेच कॅमेरे महागले यामागचं कारण जुन्या रूपापेक्षा मोठं आहे. 2010 मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते. 2023 मध्ये तो आकडा 80 लाखांच्याही खाली होता. स्वस्त खिशातला कॅमेरा फोननं गिळून टाकला. जे उरले ते थोड्या संख्येत बनतात, आणि साचे, संशोधन, कामगार यांचा खर्च त्या थोड्यांवरच वाटला जातो.

ग्राहक खरा नाडला जातो तो टंचाईत. एक्स 100 मालिकेतला पाचवा कॅमेरा 2020 मध्ये 1,400 डॉलरला आला. दोन वर्षांनी टिकटॉकवर त्याची हवा झाली, दुकानांत तो मिळेनासा झाला आणि वापरलेला कॅमेरा नव्याच्या छापील किमतीहून जास्त भावाला विकला जाऊ लागला. ते जास्तीचे पैसे ना चकतीचे, ना लेन्सचे, आणि बनवणाऱ्याच्याही हाती ते पडत नाहीत. अशा वेळी कॅमेरा घेऊ नका, असं मी तुम्हाला कळकळीनं सांगेन.

घ्यायचाच असेल तर त्याच सेन्सरचा साधा भाऊ शोधा आणि दोन्ही किमती शेजारीशेजारी मांडा. मग कॅमेरा हातात घेऊन प्रत्येक चकती फिरवून बघा. ती फिरताना ठसठशीत टक् वाजते का? आकडा चष्म्याशिवाय दिसतो का? मेन्यूत न जाता किती गोष्टी बदलता येतात? तुम्ही वापरणार आहात ती लेन्स लावून दहा मिनिटं तो हातात धरून उभे राहा. आणि फुजीचे रंग आवडतात म्हणून एक्स 100 कडे ओढले जात असाल, तर प्रोव्हिया, व्हेल्व्हिया हे त्यांच्या फिल्मवरून घेतलेले रंग त्याच कंपनीच्या कमी किमतीच्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतही आहेत. वापरलेला घ्यायला तयार असाल तर 2013 आणि 2014 सालचे एक्स 100 एस आणि टी बघा. 16 मेगापिक्सेल आहेत, फोकस आजच्या मानानं हळू आहे, पण व्ह्यूफाइंडरची ती कळ आणि अ‍ॅपर्चरची ती रिंग त्यांच्यावरही आहे.

नमस्कार.