उधाणाची तारीख

(दृश्य : जूनमधली सकाळ. अंजर्ल्याची खाडी. काठावर ओढून ठेवलेल्या बोटी, त्यांवर निळ्या ताडपत्र्या. पावसाचा आवाज.)

निवेदन :

१ जून ते ३१ जुलै. हे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हर्णैचं बंदर उघडं, तिथे पावसाळ्यात बोट ठेवायची सोय नाही. म्हणून कित्येक बोटी या खाडीत आसऱ्याला येतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कोळ्यांची सुट्टी सुरू झाली. पण बोटीची वर्षभराची डागडुजी याच ६१ दिवसांत उरकायची असते.

(दृश्य : घराची पडवी. भिंतीवर उलटा टांगलेला जुना फ्लेक्स, पांढऱ्या बाजूवर मार्करने आखलेल्या रेघा.)

या घरातल्या नाखवांच्या मुलीने गणपतीतला जुना फ्लेक्स उलटा करून भिंतीला ठोकलाय. आडवे ६१ चौकोन, एका दिवसाला एक. डाव्या हाताला कामांची नावं : बोट ओढणं, इंजिन उतरवणं, फळ्या, इंजिनाची बैठक, शाफ्ट, रंग, जाळी. प्रत्येक कामासमोर जितके दिवस, तितकी लांब पट्टी.

या तक्त्याला गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी तो रुजवला, आणि पहिल्या महायुद्धात तिकडच्या जहाजबांधणीतही तो वापरला गेला. आज मोबाइलवर यासाठी कितीतरी ॲप्स मिळतात. आम्हाला मात्र हा फ्लेक्स जास्त पटला. सुतार, नाखवा, जाळी विणणाऱ्या बायका, सगळे चहाला याच पडवीत बसतात आणि सगळ्यांची नजर एकाच तक्त्यावर जाते.

पहिल्या दिवशी तिने शेवटच्या चौकोनावर लाल खूण केली. १ ऑगस्टला बोट समुद्रात, म्हणजे हातात ६१ दिवस. नाखवांनी मान हलवली.

"बाय, बोट पाण्यात घालायला उधाण लागतं गो. भांगाच्या भरतीला पाणी इथवर चढत नाय."

आणि सगळा हिशेब बदलला. भांगाची भरती लहान. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जी मोठी भरती येते ते उधाण, आणि तेच एवढी जड बोट उचलतं. पंचांग काढलं. उधाण पस्तिसाव्या दिवशी, मग पन्नासाव्या, आणि त्यानंतरचं थेट पासष्टाव्या. तोवर बंदी उठलेली असणार, बाकीच्या बोटी मासळी घेऊन बंदरात येत असणार. लाल खूण पुसली आणि पन्नासाव्या चौकोनावर आली. त्या दिवसाला काम दोन दिवसांनी चुकलं, तर बोट पंधरा दिवसांनी चुकते. कुठल्याही कामाचं नियोजन करताना अशी दडलेली तारीख आधी शोधावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. कागदावरची शेवटची तारीख बहुतेक वेळा खरी नसते.

(दृश्य : मार्करने पन्नासाव्या चौकोनापासून मागे मागे जाणारा हात.)

आता तिने उलट मोजायला घेतलं. पाण्याखालच्या भागाला रंग, २ दिवस. त्याआधी शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर पंख्याला देणारा दांडा, आणि पंखा एका रेषेत बसवणं, ३ दिवस. त्याआधी इंजिन बसवणं, ६. त्याआधी इंजिन वर्कशॉपमध्ये. त्याआधी ते उतरवून पाठवणं ३, आणि बोट ओढणं ३.

वर्कशॉपला किती? मेकॅनिक म्हणाला, "होऊन जाईल." या उत्तरावर पट्टी काढता येत नाही. तिने तीन प्रश्न विचारले. सगळं सुरळीत झालं तर? २२ दिवस. नेहमी किती लागतात? २७. आणि स्पेअर पार्ट अडकले तर? ३८. नेहमीच्या आकड्याची चौपट, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहाने भागायचं. १६८ भागिले ६, म्हणजे २८. ही रीत अमेरिकन नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी घडवलेल्या 'पर्ट' पद्धतीतली आहे. अंजर्ल्याच्या पडवीतही ती तितकीच चालते, कारण वाईट दिवस मोजायला ती माणसाला भाग पाडते.

बेरीज झाली ४५. हाताशी दिवस ५०. शिल्लक फक्त पाच.

आता सुताराकडे बघा. इंजिन उतरलं की त्याच्या फळ्या १५ दिवस, मग बैठक ४. पंचविसाव्या दिवशी तो मोकळा, आणि इंजिन येणार चौतिसाव्या दिवशी. त्याच्याकडे नऊ दिवसांची सवड आहे. जाळ्यांकडे तर त्याहून जास्त. म्हणजे सुताराच्या मागे तगादा लावून बोट एक तासही आधी पाण्यात जाणार नाही. बोट अडलीय ती इंजिनाच्या साखळीत. नियोजनाच्या भाषेत हा 'क्रिटिकल पाथ'. १९५७ च्या सुमारास ड्युपाँट या रसायन कंपनीत ही पद्धत तयार झाली.

(दृश्य : कोकण रेल्वेची गाडी बोगद्यात शिरते.)

कोकणाने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे धुरा आली. महाडपासून उडुपीपर्यंत कामाचे सात विभाग पाडले, प्रत्येकाला स्वतंत्र मुख्य अभियंता. ४२ हजारांहून अधिक जमीनमालकांशी बोलणी झाली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खडक फोडून पार पडला. १९९७ मध्ये उत्तरेकडून सावंतवाडीपर्यंत आणि दक्षिणेकडून पेडण्यापर्यंत गाड्या धावू लागल्या होत्या. मधे अडला होता पेडण्याचा बोगदा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण आत मऊ माती, वरून पाणी, खोदलेलं पुन्हा ढासळायचं. अशा मातीच्या बोगद्यांत कामगारांचे जीवही गेले. सगळी रेल्वे त्या दीड किलोमीटरसाठी थांबली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंत मार्ग खुला झाला. लांबी पाहून करबुडे अवघड वाटतं. वेळ मात्र पेडण्याने ठरवली.

(दृश्य : पुन्हा पडवी. रात्रीचा दिवा.)

म्हणून या घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न पहिला विचारला जातो. "बाबा, इंजिनाचं काय झालं?" तेविसाव्या दिवशी उत्तर आलं, बेअरिंग मुंबईहून यायचं आहे, चार दिवस जादा. पाचातले चार गेले. तिने फ्लेक्सवर पट्टी वाढवली, लपवली नाही. सुताराला विनंती करून मोकळ्या दिवसांत बुडाची घासाई आणि अस्तर उरकून घेतलं, म्हणजे रंगाला दोनऐवजी एकच दिवस पुरेल. शिल्लक पुन्हा दोन. आणि कोपऱ्यात पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवलं : बेअरिंग आणि गॅस्केट मे महिन्यातच मागवणे.

(दृश्य : दिवस पन्नासावा, अमावास्या. भर दुपारची भरती. ओंडक्यांवरून सरकणारी बोट, खांदे लावलेली माणसं.)

अमावास्येचं पाणी दुपारी चढतं. ताडपत्री निघाली, ओंडक्यांना वंगण लागलं. तिसऱ्या जोराला बोट हलली, मग स्वतःच्या वजनाने गेली, आणि खाडीच्या पाण्यावर डावीकडे जराशी कलून सरळ झाली. नाखवा वर चढले. पहिल्या खेपेला इंजिन नुसतंच खोकलं. दुसऱ्या खेपेला धूर आला, आणि आवाज धरला.

पडवीतल्या फ्लेक्सवर अजून अकरा चौकोन रिकामे आहेत. मुलीने ओल्या हातानेच मार्कर उचलला आणि पुढच्या ओळी लिहायला घेतल्या : डिझेल, बर्फ, शिधा, गावी गेलेल्या खलाशांना फोन.