एकटी गाडी, तीन गाठीभेटी

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी सरली, घाटातल्या दरडी शांत झाल्या, की पुण्यातल्या कितीतरी दुचाकी चांदणी चौकाकडे तोंड करून उभ्या राहतात. आज बोलायचंय ते त्यातल्या एकट्याने निघणाऱ्यांशी. त्यातही अशांशी, ज्यांची मित्रमंडळी त्याच आठवड्यात आपापल्या वाटेने हिंडतायत. समजा, एक जण मुंबईहून किनाऱ्याने खाली उतरतोय, एक कोकण रेल्वेने रत्नागिरीला येतोय आणि एक बेंगळुरूहून कोल्हापूरपर्यंत. तिघांनाही गाठायचं, पण गाडी आपली आपण चालवायची.

अशा वेळी बहुतेकांचा घोळ होतो तो 'जरा वाकडी वाट करून भेटून येऊ' या वाक्यात. चाळीस किलोमीटर आत म्हणजे चाळीस परत. घाटात आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. म्हणजे रस्त्यावरच तीन तास गेले, आणि चहा अजून मागवायचाय.

त्यापेक्षा नकाशा शिडीसारखा वाचा. पूर्वेला पुणे-सातारा-कोल्हापूर असा राष्ट्रीय महामार्ग ४८, पश्चिमेला मुंबई-गोवा महामार्ग ६६. हे दोन उभे दांडे. मधल्या सह्याद्रीतले घाट म्हणजे पायऱ्या: ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, आणखी खाली आंबोली. ज्या पायरीने उतरलात तिनेच परत चढू नका, खालची कुठली तरी धरा. मग मित्राला भेटणं हा फाटा राहत नाही, तो रस्त्याचाच भाग होतो. भोर-महाडचा वरंधा पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

आता आपल्या तीन मित्रांसाठी ही शिडी लावून बघू. पहिल्या दिवशी पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव करत हरिहरेश्वर, साधारण पावणेदोनशे किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर जेवायला पोचता. पेट्रोल पौडच्या आधीच भरा, पुढे माणगावपर्यंत पंप मिळेल असं गृहीत धरू नका. मुंबईवाला मुरूडमार्गे आगरदांडा-दिघी फेरीबोटीने येईल, म्हणून त्याला श्रीवर्धनला गाठणं सोपं.

भेटायची जागा एसटी स्टँडच ठरवावी. 'पुलाच्या पलीकडे', 'त्या वडापाववाल्याजवळ' असल्या जागा प्रत्येक गावात चार असतात. स्टँड एकच असतो, कुणालाही विचारता येतो, चहा मिळतो आणि मोबाइलला रेंज असते. फक्त गाडी आत घालू नका, बाहेर लावा. वेळही ठोक सांगू नका. 'चार ते साडेपाच' असं सांगा, आणि साडेपाचनंतर थांबायचं नाही, रात्रीच्या मुक्कामी भेटायचं, हेही आधीच ठरवा. एवढ्यावरून मित्र रागावत असेल तर तो एकट्याने प्रवास करणाऱ्याचा मित्र नव्हे.

व्हॉट्सअॅपवरचं लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं, आणि ताम्हिणीत मधेमधे रेंज जाते तेव्हा आपला ठिपका तिथेच गोठतो. बघणाऱ्याला वाटतं, अपघात झाला. म्हणून घाट चढण्याआधी 'आता दोन तास फोन लागणार नाही' असा निरोप टाका. नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट, मग दापोलीकडून दाभोळ, तिथून धोपाव्याला दुसरी बोट आणि गुहागर मुक्काम. तिसऱ्या दिवशी तवसाळ-जयगड ही तिसरी बोट, आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. बोटीवर दुचाकी चढते, चारचाकीही चढते. इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, साइड स्टँड लावा आणि पुढचा ब्रेक रबराने आवळून बांधा. न्यूट्रलमधली गाडी बोट धक्क्याला टेकताना पुढे सरकते आणि शेजारच्या कारच्या दारावर पडते. धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो, त्यामुळे तिथे पुढचा ब्रेक दाबू नये. समुद्र खवळला की फेरी थांबते. वेश्वीची थांबली तर आंबेत-म्हाप्रळ असा वळसा पडतो, त्यासाठी हाताशी अर्धा दिवस हवा.

रत्नागिरी स्टेशन गावात नाही, कोल्हापूरच्या वाटेवर आहे. आरे-वारेच्या रस्त्याने आलात तर आधी गाव लागतं, मग स्टेशन. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी, समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी थांबते, त्यामुळे उशीर धरूनच चाला. मित्र मागे बसून कोल्हापूरला येणार असेल तर दुसरं हेल्मेट पुण्याहूनच न्यावं लागतं, आणि मागच्या चाकाची हवा वाढवावी लागते. किती, ते चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

पंक्चरबद्दल थोडं सविस्तर, कारण एकट्याचं खरं अडतं ते तिथे. आधी बघा, चाक अॅलॉयचं आहे की तारांचं. तारांच्या चाकात सहसा ट्यूब असते. तिथे पट्टीचं किट, म्हणजे सुईने भोकात पट्टी खुपसून ते बुजवायचं साहित्य, निरुपयोगी. ट्यूब बदलावी किंवा पॅच मारावा लागतो. टायर ट्यूबलेस असेल तर खिळा लगेच उपटू नका. सगळं साहित्य मांडा, खिळा कोणत्या कोनात घुसलाय ते बघा, मग पकडीने ओढा. त्याच कोनात कानशीसारखी आर घालून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. भोक मोठं करण्याची भीती वाटते, पण खरवडलं नाही तर पट्टी धरत नाही. सुईच्या नेढ्यात पट्टी मधोमध ओवा, सोल्यूशन लावा, दोन्ही टोकं बोटाच्या पेरभर बाहेर राहतील इतकी दाबा आणि सुई एका झटक्यात बाहेर काढा. हळू काढली तर पट्टीही येते. हवा भरा, थुंकी लावून बुडबुडा बघा, उरलेली टोकं कापा. हे फक्त जमिनीला लागणाऱ्या भागासाठी. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पट्टी मारून घाट चढू नये. आणि हवा भरायचा पंप नसेल तर हे सगळं किट म्हणजे नुसतं ओझं.

चौथ्या दिवशी आंबा घाट. मित्रमंडळींच्या घोळक्यात दोन दिवस काढले की दुसऱ्याच्या तालावर चालायची सवय लागते: टाकी सगळ्यात लहान कुणाची, तिच्यावर पेट्रोल ठरतं, आणि पाच मिनिटांचा थांबा चाळीस मिनिटं चालतो. निरोप घेताना आपलं पेट्रोल, हवा, चेन आपण नव्याने बघायची. तेरा लिटरची टाकी आणि लिटरला बत्तीस मिळत असतील तर हिशेब चारशेवर जातो, पण घाट आणि चुकलेले रस्ते धरून अडीचशेला भरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झाडीत त्याआधीच अंधारतं. साखरपा दुपारी तीनच्या आत सुटलं पाहिजे. उशीर झाला तर तिथेच राहा.

बेंगळुरूवाल्याला कागलच्या स्टँडवर गाठा, कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीत नको. तांबडा-पांढरा रश्श्यासाठी शहरात दोघांनी मिळून शिरावं.

पाचव्या दिवशी पुणं, सुमारे दोनशे तीस किलोमीटर. खंबाटकी सोपा जातो. जपायचं ते कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक ब्रेक तापले की थांबत नाहीत. गिअर खाली ठेवा, डावी बाजू धरा, आरशात मागचा ट्रक दिसत राहू द्या. घरी पोचल्यावर तिघांनाही 'पोचलो' असं कळवा, कारण कागलपासून त्यांच्याकडे आपला ठिपका बहुधा गोठलेलाच असतो.