छेदातले दिवस : ठाणे ते वाशी

[दृश्य : पावसाळी सकाळ. ठाणे स्टेशन, फलाट नऊ-दहा.]

कल्याण-डोंबिवलीहून आलेली गर्दी पूल ओलांडून या फलाटांवर उतरते आणि वाशी-पनवेलच्या गाडीची वाट पाहत उभी राहते. या गर्दीतली १०० माणसं घेऊ. समजा, त्यांतल्या ५५ जणांकडे छत्री आहे आणि ३० जणांकडे रेनकोट. मग पावसाची काही ना काही सोय केलेले किती? ८५ हे उत्तर चटकन तोंडावर येतं, पण ते चुकीचं आहे. छत्री आणि रेनकोट दोन्ही जवळ असलेले १२ जण त्यात दोनदा मोजले गेलेत. ते एकदा वजा केले, की खरा आकडा मिळतो, ७३.

[दृश्य : पडद्यावर एक चौकट. आत एकमेकांवर आलेली दोन वर्तुळं.]

नववीच्या गणितात संच येतात आणि त्यांच्यासोबत ही वेन आकृती. दोन्ही वर्तुळं मिळून व्यापतात तो भाग संयोग, एकमेकांवर येतात तो छेद. संभाव्यता भेटते दहावीत. मध्ये एक वर्ष गेलेलं असतं, आणि हे दोन धडे मुळात एकच आहेत हे बहुतेक मुलांना कोणी सांगतच नाही. याची फार हळहळ वाटते. कारण संभाव्यतेतली घटना म्हणजे शक्य निकालांचा एक संचच. रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ साली संभाव्यतेचा सगळा डोलारा याच पायावर उभा केला. घटनांच्या संभाव्यतांची सरळ बेरीज करायची ती त्यांची वर्तुळं एकमेकांना शिवत नसतील तरच. शिवत असतील तर छेद वजा करायचा.

आता चौकटीतले उरलेले २७ जण. दोन्ही वर्तुळांच्या बाहेरचे, म्हणजे छत्रीही नाही आणि रेनकोटही नाही. पूरक संच म्हणजे संचाच्या बाहेर उरलेलं सगळं. संयोगाचा पूरक संच म्हणजे दोन्ही पूरक संचांचा छेद, हा नियम ज्यांच्या नावाने शिकवला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. ‘किमान एकदा’ असा प्रश्न आला की हा नियम मोठा आधार देतो. फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्याची शक्यता किती? एकूण प्रकार १२९६. एकदाही सहा न पडण्याचे प्रकार ५ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे ६२५. उरले ६७१. निम्म्याहून थोडे जास्त.

हा गुणाकार इथे चालला, कारण फाशाला मागचं दान आठवत नाही. पण रोजच्या प्रवासात एका घटनेचा दुसरीशी संबंध असतो.

[दृश्य : कळवा पूल. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचलेलं पाणी.]

ठाण्याहून वाशीला जायच्या दोन वाटा धरू. एक लोकल, दुसरी कळवा, विटावा, ऐरोली अशी बस. हिशेबासाठी आकडे मानू : पावसाळ्यातल्या १०० दिवसांपैकी लोकल १० दिवस रखडते, बस २० दिवस अडकते. दोन्ही एकाच दिवशी बंद पडण्याची शक्यता किती? एक दशांश गुणिले दोन दशांश, म्हणजे १०० पैकी २. हे उत्तर ऐकून लोकल चुकली तर बस आहेच, असं म्हणत माणूस निर्धास्त होतो.

पण रुळांवर चढणारं पाणी आणि विटाव्याच्या पुलाखाली साचणारं पाणी एकाच ढगातून पडतं. नुसते १० आणि २० हे आकडे हातात असतील तर छेद शून्यापासून दहापर्यंत काहीही असू शकतो. तो वेगळा मोजावाच लागतो. समजा मोजला आणि ८ निघाला. २ कुठे आणि ८ कुठे!

याच छेदाची दुसरी बाजूही पाहा. ज्याला आधी लोकल आणि पुढे बस, दोन्ही लागतात, त्याचा दिवस बिघडतो संयोगावर. १० अधिक २० वजा ८, म्हणजे २२ दिवस. घटना स्वतंत्र, म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या, असत्या तर ते २८ झाले असते. म्हणजे पाऊस या माणसाचे वाईट दिवस एकावर एक रचतो, त्याचा थोडा फायदाच होतो. आणि ज्याने बस राखीव ठेवली, त्याचे वाईट दिवस तोच पाऊस चौपट करतो. शहरातल्या प्रत्येक पर्यायी व्यवस्थेबद्दल हा प्रश्न आधी विचारायला हवा, असं ठामपणे वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी लोकल थांबल्या, रस्ते तुंबले, विमानतळ बंद पडला, भागाभागांत वीज आणि फोन गेले. सगळे पर्याय एकाच वर्तुळात सापडले.

[दृश्य : आकृतीत तिसरं वर्तुळ उमटतं.]

हे तिसरं वर्तुळ मुसळधार पावसाचं. समजा, १०० पैकी असे दिवस १२. त्या बाराही दिवशी बस अडकली, लोकल ८ दिवस रखडली, आणि ते आठही दिवस छेदात आले. उरलेल्या ८८ दिवसांत लोकल २ दिवस आणि बस ८ दिवस अडकली, पण एकाच दिवशी कधीच नाही. आता १०० पैकी ८ हे उत्तरही अपुरं वाटू लागतं. मुसळधार पाऊस नसेल तर बसचा आधार पक्का, असेल तर बस हा पर्यायच उरत नाही. सकाळी खिडकीबाहेर पाहिलं की १०० ची चौकट एकदम आक्रसते, ८८ ची होते किंवा १२ ची.

त्यामुळे पावसाळ्यातल्या पुरवणी परीक्षेसाठी ज्या मुलीला ठाण्याहून वाशीचं केंद्र गाठायचंय, तिने पर्याय तिसऱ्या वर्तुळाच्या बाहेरचा शोधावा. आदल्या संध्याकाळीच, रूळ आणि रस्ता दोन्ही चालू असताना, कोपरखैरण्याच्या मावशीकडे मुक्कामाला जावं.