तुरळक ठिकाणी

(दृश्य : पत्र्याचं छप्पर. मुसळधार पाऊस. नववीचा वर्ग.)

शेवटच्या बाकावरचा हा मुलगा सरांच्या ओठांकडे बघतोय. अशा मुलाला आपण सहज म्हणून जातो, "लक्ष कुठंय तुझं?" पण त्याच्या जागी बसून बघा. एक मीटरवर साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल भरतं. आठ मीटरवर ते बरंच क्षीण होतं, शिवाय रिकाम्या भिंतींवर आदळून शब्द एकमेकांत मिसळतात. वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्र्यावरच्या पावसापुढे तो आकडा कुठल्या कुठे राहतो.

म्हणून सर फळा सोडून वर्गाच्या मधोमध येतात. बाक अर्धगोलात लागतात. इथून पुढचं काम कानांचं.

राज्य मंडळाच्या दहावीला भाषेच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांत श्रवणही येतं. २०१८-१९ मध्ये हे गुण काढले होते, पुढच्या वर्षी परत आले. तरी ऐकायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. श्रुतलेखनात आपण शुद्धलेखन तपासतो. मुलाला काय समजलं, ते त्यातून कळत नाही.

(दृश्य : सरांच्या हातात फोन. आकाशवाणीचं बातमीपत्र.)

आज धडा आहे हवामानाच्या अंदाजाचा. पहिल्यांदा ऐकताना पेन खाली. दुसऱ्यांदा फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे. मग दोघांनी मिळून तो अंदाज आपल्या वाक्यांत पुन्हा उभा करायचा.

इथंच खरी गंमत आहे. 'पाऊस' सगळ्यांनी टिपलाय, 'विदर्भ' टिपलाय. पण 'तुरळक ठिकाणी' की 'बहुतांश ठिकाणी'? हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे फार तर २५ टक्के ठिकाणी, बहुतांश म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. आणि 'शक्यता आहे' म्हणजे 'पडणार' नव्हे. ज्या घरात उद्या फवारणी करायची आहे, तिथं या एका शब्दावर औषधाचा खर्च अवलंबून असतो. शेतकऱ्यांच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या बाकावर वाद पेटलाय.

"तुरळक म्हणाले."

"नाही, बऱ्याच ठिकाणी!"

दोघंही सरांकडे बघतात. सर उत्तर देत नाहीत. बातमीपत्र मागे नेतात. वर्ग पुढे झुकतो. शेवटच्या बाकावरचाही.