उघडं दार

नमस्कार श्रोतेहो.

१८९३ साली पुण्यात एका खोलीच्या दारावरून मोठं वादळ उठलं. खोली होती पंडिता रमाबाईंची, मुख्यतः विधवा मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदन या निवासी शाळेत. रमाबाई तोवर ख्रिस्ती झालेल्या होत्या. रमाबाई तिथं प्रार्थनेला बसत, पण दार लावून घेत नसत. सदनातल्या काही मुली आपणहून येऊन शेजारी बसू लागल्या.

११ मार्च १८८९ला मुंबईत सदन सुरू झालं, तेव्हा तिथं धर्माची शिकवणी नसेल, असं ठरलं होतं. पुढे सदन पुण्याला आलं, तरी तो शब्द कायम होता. त्यामुळे ‘केसरी’नं रमाबाईंना धारेवर धरलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकसुद्धा सल्लागार मंडळातून बाजूला झाले. पालक येऊन मुलींना घरी घेऊन गेले.

ही सगळी टीका द्वेषापोटी होती, असं मी म्हणणार नाही. कोवळ्या वयाची विधवा लेक भरवशानं सोपवलेली. आईबापांचा जीव धास्तावणारच. रमाबाईंचं म्हणणं मात्र साधं होतं. मी कुणाला बोलावत नाही, आलेलीला उठवूनही लावणार नाही. माझ्या खोलीत माझ्या देवाचं नाव घ्यायला दार कशाला लावू?

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. दुसरा गाल पुढे करायला सांगणारा येशू इथं त्याला विचारतो, माझं बोलणं चुकलं असेल तर चूक दाखव; बरोबर असेल तर मारतोस का? ना शिवी, ना माघार. रमाबाईंची पत्रं वाचताना मला हा प्रसंग आठवतो.

कारण त्यांना दटावणारे काही पुण्यातच नव्हते. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच दिवसांत तिथल्या धर्मगुरूंनाही त्या डोईजड वाटू लागल्या. बाईनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं. रमाबाईंनी कळवलं की, आपल्याकडच्या भटभिक्षुकांचं जोखड मी नुकतंच महत्प्रयासानं उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. (शास्त्रीबुवांची लेक ती!) पुढे १८९७च्या प्लेगात पुण्यातल्या बंदोबस्तावर जाहीर पत्र लिहून त्यांनी गोऱ्या सरकारलाही सुनावलं.

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिनं धर्म बदलला नाही. वाद पेटला त्याच वर्षी तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. टीकाकारांच्या तोंडावर फेकायला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

रमाबाईंचा बराचसा वेळ मात्र कामातच गेला. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या, मुक्ती सदन उभं केलं, छापखाना घातला. खिळे जुळवायला मुलीच. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं, तेही सोप्या मराठीत. संस्कृतची पंडिता, पण भाषा निवडली ती नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळेल अशी.

५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ साली केडगावहून बाहेर पडलं.